फुवांची अक्रोडी बंदूक

आमच्या फुवांनी एका बंदुकीवर जितकं प्रेम केलं, तितकं साऱ्या पश्चिम खानदेशात कुणी माणसावरही केलं नसेल. फुवा म्हणजे माझ्या फुईचे, वडिलांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. प्रकाशा गावाच्या समोर, तापीच्या अलीकडच्या काठावर त्यांची शेती होती. दुसरी लढाई सुरू होण्याआधीची ही गोष्ट. मी तेव्हा नंदुरबारला मास्तर होतो आणि सुट्टी लागली की फुईकडे जायचो. रेल्वेचा एक गोरा इंजिनिअर विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्याकडून फुवांनी ती शिकारीची रायफल घेतली होती. तिचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, मधासारख्या रंगाचा, आत काळ्या रेषा वाहत गेलेल्या. पोलादावर बारीक वेल कोरलेली आणि वेलीच्या टोकाला उडी घेणारं हरीण. असं देखणं हत्यार मी तरी पुन्हा पाहिलं नाही.

एवढं देखणं असल्यामुळेच त्या हत्याराचा शेतात काही उपयोग नव्हता. फुवा दर आठवड्याला दस्त्याला जवसाचं तेल चोळत. बंदूक आधी मलमलीत, मग फुईच्या जुन्या लुगड्यात आणि वरून लोकरी शालीत गुंडाळून ठेवत. पाहुण्याला ती हातात घ्यायची असली तर त्याने आधी हात धुवायचे, बोटातली अंगठी काढून ठेवायची. बैलगाडीतून जाताना बंदूक त्यांच्या मांडीवर निजलेली असे, आणि ऊन चढलं की ते तिच्यावर छत्री धरून स्वतः उन्हात बसत. शिकारीला जायचे, पण पहाटे निघायचे नाहीत, कारण दव. दुपारी नाही, कारण तापल्या उन्हात लाकूड उलतं. बाभळीच्या रानात नाही, कारण काटे. एकदा भुईमुगाच्या शेतात रानडुक्कर अगदी समोर येऊन उभं राहिलं होतं. फुवांनी शाल सोडली, लुगडं सोडलं आणि मलमलीची गाठ सोडेपर्यंत डुक्कर पोटभर शेंगा खाऊन निघून गेलं. त्या दिवशी फुईने मला विचारलं होतं, “हाई बंदूक शे का नवरी शे?”

गावच्या पाटलांकडे ठासणीची जुनी बंदूक होती, तिचा फुटका दस्ता तारेने आवळलेला. ओरखडा पडेल म्हणून ज्याचा जीव खालीवर होतो, ते हत्यार रानात न्यायच्या लायकीचं नाही, असं ते चावडीवर सगळ्यांदेखत म्हणत. फुवा वाद घालत नसत. एकदा मात्र त्यांनी मला जवळ बोलावून काडतूस घालतात तिथे बंदूक उघडली आणि आतली बाजू उजेडात धरली. म्हणाले, “बघ. इथं कुणाची नजर जात नाही. तरी त्या कारागिरानं इथंही तितकंच घासलंय. असा माणूस नेमाची बंदूक करील की नाही?” त्यांच्या आवाजात असं काही होतं, की मला हसू आलं नाही.

त्या हिवाळ्यात डुकरांनी उसाची फार नासाडी केली. सरपण गोळा करणाऱ्या एका बाईला एका मोठ्या नर डुकराने सुळ्याने मांडीवर फाडलं आणि बायकांनी नदीकडे जाणं सोडलं. पाटलांची ठासणीची बंदूक दोनदा फुसकी निघाली. मग सगळे फुवांकडे आले. दुसऱ्या दिवशी, गवतावर दव असताना, फुवा निघाले. बरोबर मी आणि रुमाल. रुमाल हा त्यांचा राखणदार, सातपुड्यातून पोटासाठी खाली उतरलेला आणि इथेच राहिलेला भिल्ल. दोघांचं वय सारखंच, आणि शेतात दोघं दिवसभर न बोलता बरोबर असत.

नदीकाठच्या घळींत नर दडला होता. रुमाल काठी घेऊन पुढे, फुवा मागे. या वेळी तिन्ही कापडं त्यांनी आधीच सोडून खांद्यावर टाकली होती. डुक्कर झुडपातून सुटलं ते सरळ रुमालवर आलं. फुवांनी बंदूक उचललेली मला दिसलीच नाही, फक्त बार ऐकू आला. गोळी वर्मी बसली होती, तरी डुकराच्या धडकेने रुमालला घळीत फेकलं. जनावर चार पावलांवर कोसळलं. आम्ही खाली उतरलो तेव्हा रुमालच्या काठीच्या चिरफळ्या झाल्या होत्या आणि गुडघ्याखाली पाय भलत्याच बाजूला वळला होता.

पाय बांधायला काही सरळ हवं होतं. भोवती नुसती वाकडी बाभूळ, कुऱ्हाड कुणी आणली नव्हती. मी गावात धावत जाऊन फळी आणतो म्हणालो. फुवांनी ऐकलं नाही. त्यांनी बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली, रुमालचा पाय हळूहळू सरळ केला, मलमल आणि लुगडं पायाभोवती गुंडाळलं आणि बंदूक पायाला लावून स्वतःच्या पागोट्याने करकचून बांधायला लागले. दस्त्यावर रक्त आणि चिखल पसरला. रुमालचे दात वाजत होते. तो म्हणाला, “बापू, बंदूक खराब व्हई.”

“व्हऊ दे,” फुवा म्हणाले. “तू पाय हालवू नको.”

दवाखाना नदीपलीकडे होता, म्हणून शालीच्या झोळीत घालून आम्ही त्याला नावेपर्यंत नेलं. पलीकडे उतरवताना माझा पाय घसरला, रुमालचा सगळा भार बंदुकीवर आला आणि लाकूड कडाडलं. फुवांनी तिकडे पाहिलं नाही. ते रुमालच्या तोंडाकडे पाहत होते. तिथून बैलगाडीने त्याला दवाखान्यात पोचवलं. पाय वाचला, पण आखूड राहिला.

दस्त्याला मानेपासून खालपर्यंत चीर गेली होती. पाटील बघायला आले आणि चांगल्या मनाने म्हणाले की सुरतेला अक्रोडाचं काम करणारा माणूस आहे. फुवांनी मान हलवली, पण बंदूक पाठवली नाही. तेल चोळणंही सुटलं. पुढच्या वर्षांत ती बंदूक दवात, चिखलात, काट्यांत सगळीकडे गेली आणि तिचा नेम शेवटपर्यंत चुकला नाही. शिकारीहून आले की फुवा आता पहिल्यासारखे तिच्याजवळ बसत नसत. रुमालच्या झोपडीपुढे जाऊन बसत. काय बोलत, कोण जाणे.

लढाई चालू असतानाच फुवा तापाने गेले. मी नंदुरबारहून पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. रुमाल अंगणाच्या कडेला उभा होता. त्याने पुढे येऊन खांद्यासाठी हात घातला, तशी भाऊबंदांत कुजबूज सुरू झाली. एकाने त्याचा हात बाजूला केला. फुई दारात बसली होती.

“त्याले खांदा देऊ द्या,” ती म्हणाली.

नदीपर्यंत रुमालने खांदा बदलला नाही. त्याचा पाय आखूड असल्यामुळे दर पावलाला तिरडी त्या बाजूला थोडी खाली जात होती, आणि मागून चालणारे आम्ही सगळे त्याच्या चालीने चालत होतो.