मामांचा ब्रश

कॉलेजात जीवशास्त्र म्हणजे बाई, हे सव्वीस वर्षं ठरलेलं. बाईंचं अक्षर मोत्यासारखं, आकृत्या छापल्यासारख्या. ‘बाईंसारखं कुणी शिकवत नाही’ हे ऐकायची त्यांना सवयच लागलेली. आणि मग नवे सर आले.

हे सर शनिवारी विज्ञान सोपं करून कसं सांगायचं ते शिकवायचे. पोरांनी आपला धडा प्रयोगशाळेच्या मामांना समजावायचा. कळेनासं झालं की मामांनी परीक्षानळ्या धुवायचा ब्रश वर करायचा, मग पुन्हा सांगायचं. वर्ग तुडुंब भरायचा. इकडे बाईंच्या तासाला मागची दोन बाकं रिकामी पडू लागली, तसा बाईंचा जळफळाट सुरू झाला. घरी त्यांनी सरांच्या बुटांपासून भांगापर्यंत सगळ्याला नावं ठेवली. नवरा कंटाळून म्हणाला, एकदा जाऊन तरी बघ.

गेल्या, त्या चुका काढायलाच. पण सरांनी अदबीनं विचारलं, बाई, आज तुम्ही सांगता का? बाईंना तेच हवं होतं. कांद्याच्या मुळातलं पेशीविभाजन हा तर त्यांचा हातखंडा विषय.

दुसऱ्याच वाक्याला ब्रश वर गेला. बाईंनी वाक्य बदललं. पुन्हा ब्रश. पाचव्यांदा वर गेला तेव्हा बाईंचे कान तापले. पोरं खाली बघून हसत होती. सर मात्र हसले नाहीत, याचाच बाईंना जास्त राग आला.

“अहो मामा,” त्या वैतागून म्हणाल्या, “तुम्ही दरवर्षी ती मुळं कापून देता ना? मूळ वाढतं ते टोकाशी. तिथं एका पेशीच्या दोन होतात. मधून कापलं तर काही दिसत नाही.”

ब्रश खालीच राहिला.

“म्हणून टोकच मागायचात होय,” मामा म्हणाले. “पहिल्या वर्षी मी मधून कापली, तर केवढं बोलला होतात मला.”

“मग तेव्हाच विचारायचं ना, का म्हणून?”

“तुम्हाला कोण विचारणार, बाई?”

मामा अगदी सहज बोलले. बावीस वर्षं ते बाईंच्या हाताखाली होते, आणि बाईंचं शिकवणं त्यांना पहिल्यांदा कळलं ते सरांच्या वर्गात.