दुखानच्या वाटेवरचं पहिलं भांडण

दोह्यात, अल मुंतझा भागातल्या एका गल्लीत उस्मानभाईंनी सकाळी गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत बघून माझी बोलतीच बंद झाली. बाहेरून साधी पांढरी, उंच टपाची व्हॅन. आत मात्र गादी, गादीखाली सामानाचे खण, एका अंगाला गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. उस्मानभाई मूळचे रत्नागिरीकडचे. दोह्यात त्यांचा गाड्यांच्या सीटा शिवायचा धंदा आहे. ही व्हॅन त्यांनी स्वतःच्या बायकापोरांना फिरवायला हौसेनं सजवली होती. थंडी सुरू झाली की कतारमधली माणसं अशीच बिऱ्हाड बरोबर घेऊन वाळवंटात आणि समुद्रकाठी राहायला जातात.

"भाबी, ही गाडी नाय, घर आहे समजा," चावी देताना ते म्हणाले. "फक्त सर्जेरावांना सांगा, टँकरसारखी हाकू नका म्हणावं."

सर्जेराव म्हणजे माझे यजमान. तोंडानं मी 'अहो'च म्हणते, पण लिहिताना अख्खं गाव म्हणतं तसं सर्जेराव म्हणणार आहे. ते कतारमध्ये पाण्याचा टँकर चालवतात. लग्नाला सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आमचा संसार म्हणजे अकरा महिने फोन आणि एक महिना सुट्टी. ते इकडे कंपनीच्या खोलीत चौघा-पाचजणांबरोबर राहतात, मी तिकडे साताऱ्याजवळच्या आमच्या गावात सासूसासऱ्यांबरोबर. मी तिथल्याच शाळेत शिकवते. यंदा दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदाच मी आणि आमची समू, म्हणजे नववीतली समृद्धी, कतारला आलो. ह्यांच्या दोस्तीखातर उस्मानभाईंनी आपल्या फ्लॅटमधली एक खोली आम्हाला दिली आणि वर ही गाडीही.

वाळवंट बघायची हौस मला फारशी नव्हतीच. सर्जेरावांचा करार संपत आला होता आणि आणखी दोन वर्षं थांबणार की नाही, हे त्यांना फिरून आल्यावर रविवारी ऑफिसात सांगायचं होतं. 'आता पुरे, घरी चला,' एवढं एकच वाक्य सांगायला मी विमानात बसले होते. निघताना सासूबाईंनी बजावलं होतं, "तिकडं जाऊन त्याच्या डोक्याला ताप देऊ नको." सुट्टीवरच्या माणसाला आमच्या घरी कुणी काही बोलत नाही. इथे तर सुट्टीवर मीच होते, तरी ते वाक्य मी उद्यावर ढकलत होते.

आम्ही उत्तरेला अल खोरकडे निघालो. शहर मागे पडलं तसे सर्जेराव खुलले. "हा रस्ता करत होते तवा इथं पाणी मारायला मीच होतो," ते म्हणाले. जरा पुढे गेलो तर एक पूल आला, तिथेही तेच पाणी मारायला. पुढच्या वळणावर झाडं आली, तीही ह्यांच्याच टँकरच्या पाण्यावर वाढलेली. समू म्हणाली, "बाबा, मग समुद्रपण तुम्हीच भरला का?" ते एवढ्या मोठ्यानं हसले की मी वळून बघितलं. असं हसणं फोनवर कधी ऐकू आलं नव्हतं.

वाटेत एका टपरीसमोर गाडी उभी करून त्यांनी हॉर्न दिला. इथे चहा प्यायला कुणी गाडीतून उतरत नाही. चहावाला केरळचा होता. ह्यांना बघताच तो करक (दूध आटवून केलेला दाट चहा) घेऊन खिडकीशी आला. "भाई, आपका शक्कर कम," असं म्हणून एक पेला त्यानं वेगळा दिला.

"कमी साखर?" मी विचारलं. "कधीपासून?"

"पहिल्यापासूनच की."

ते मला लागलं. दरवर्षी महिनाभर मी ह्यांच्या कपात प्रेमानं दोन चमचे साखर ढवळते आणि हा माणूस हूं की चूं न करता पितो. पाहुणा जसा समोर येईल ते गोड मानून घेतो, तसं.

अल खोरच्या पुढे तिवरांचं बन आहे. वाळवंटाच्या कडेला गुडघाभर पाणी आणि त्यात हिरवीगार झुडपं, हे बघून डोळे निवले. पाण्यात लांबवर रोहित पक्षी उभे होते. समूनं ओळखले. "आई, भिगवणला येतात तेच हे! इथून तिकडं जात असतील का गं?"

"जात असत्याल," सर्जेराव म्हणाले. "त्यास्नी कुठं व्हिसा लागतोय."

मुक्काम तिथेच केला. मला त्यांनी कशालाच हात लावू दिला नाही. कांदा त्यांनी चिरला, अंड्याची भुर्जी त्यांनी केली, खुबूस (इथली भाजलेली चपटी रोटी) शेगडीवर गरम करून आमच्या पुढ्यात ठेवला आणि ताटल्याही स्वतःच घासल्या. हात कसे सराईतपणे चालत होते. घरी ह्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी उचलू देत नाही. समू बापाकडे टक लावून बघत होती. मला कौतुक वाटायला हवं होतं, पण आत कुठेतरी दुखलं. ह्या माणसाचं एक आयुष्य आहे, त्यात तो कांदा चिरतो, आणि ते मी बघितलेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी झुबाराचा किल्ला पाहिला. आमच्याकडच्या गडांची सवय असलेल्याला हा किल्ला म्हणजे सपाट माळावर ठेवलेला मातकट पेटारा वाटतो. चढ नाही, पायरी नाही, घाम नाही. समूनं फोटो काढले आणि सासूबाईंनी दिलेला चिवडा आम्ही बुरुजाच्या सावलीत संपवला. तिथून आतल्या रस्त्यानं झिक्रीतकडे वळलो. तिकडे वाऱ्यानं कोरून काढलेले चुनखडीचे खडक आहेत, खाली बारीक आणि वर रुंद. डांबरी रस्ता संपला. समोर पांढरट, सपाट, छान कडक दिसणारी जमीन पसरली होती.

"अहो, ही ओली दिसतीय," मी म्हणाले.

"मला शिकवती व्हय? हितं टँकर घालतो मी."

"टँकर घालता ते रस्त्यावर. ही जमीन बघा की जरा."

"गप बस गं."

पुढे गेलो आणि मागची चाकं बसली. ह्या जमिनीला सबखा म्हणतात. वर मिठाची खरपुडी आणि खाली नुसता चिखल. त्यांनी जोर दिला तशी गाडी आणखी रुतली. मग ते उतरले आणि चाकांना पकड मिळावी म्हणून त्यांतली हवा कमी करायला बसले. मीही उतरले. "मी सांगत होते," असं काहीतरी मी बोलले. ते म्हणाले, "सांगायचंच आसतं तुला, पण सांगायचं ते सांगत न्हाईस."

"काय नाही सांगितलं?"

"अण्णा दवाखान्यात हुते ते मला गावातल्या पोरांकडनं कळलं. माझा बाप! आन् तू फोनवर सांगती, सगळं ठीक हाय."

"मग काय करणार होता तुम्ही? उडत येणार होता? काळजीनं गाडी ठोकली असती कुठंतरी."

"ते मी बघितलं असतं!"

"आणि तुम्ही साखरेचं सांगितलंत का मला? इतकी वर्षं काकवी पाजली असती तरी प्याला असता!"

मग सगळंच निघालं. विहिरीवरची जळालेली मोटर, समूच्या शाळेतलं बक्षीस ज्याला ते नव्हते, ह्यांच्या पाठदुखीचं एक आख्खं वर्ष जे त्यांनी माझ्यापासून लपवलं होतं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, त्यामुळे आवाजाला धरबंध राहिला नाही. आणि त्या भरात माझं ते वाक्य सुटलं. "पुरे झालं आता! घरी चला! दोन वर्षं, दोन वर्षं म्हणून म्हातारं व्हायचंय का हितं?"

ते हातातलं हवा सोडायचं काम टाकून माझ्याकडे नुसते बघत राहिले.

व्हॅनच्या दारात समू उभी होती. मला वाटलं, पोर घाबरली. तर तिचा चेहरा भलताच उजळलेला. "तुम्ही भांडताय," ती म्हणाली. "खरंखुरं भांडताय! मी कधी बघितलंच नव्हतं."

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आम्ही खरंच कधी भांडलो नव्हतो. महिनाभराच्या सुट्टीतला एक दिवस भांडणात कोण घालवेल? फोनवर भांडावं तर त्या रात्री तिकडे माणूस एकटा झोपणार. म्हणून आम्ही गोड बोलत आलो. शेजारची नवरा-बायको भाजीतल्या मिठावरून वाजवून भांडतात, तेव्हा मला त्यांचा हेवा वाटायचा आणि तो का वाटायचा हे कळायचं नाही. मी तिथेच खाली बसले आणि रडले. सर्जेराव चिखलाचे हात घेऊन शेजारी बसले. "रडू नगं, गाडी निघंल," म्हणाले. अहो, गाडीसाठी कोण रडतंय!

थोड्या वेळानं धूळ उडवत एक मोठी जीप आली. पांढऱ्या झग्यातला एक कतारी तरुण उतरला, त्यानं चाकं बघितली, आमच्याकडे बघितलं आणि मागून पट्टा काढला. "फॅमिली?" त्यानं सर्जेरावांना विचारलं.

"फॅमिली," सर्जेराव म्हणाले. मघाचा सगळा राग त्या शब्दानं उतरलेला.

"यल्ला!" (चला!) पट्टा व्हॅनला बांधून त्यानं जीप पुढे काढली आणि व्हॅन बाहेर आली. ह्यांनी "शुक्रन, शुक्रन" (आभार) म्हणून हात जोडले. त्याला द्यायला आमच्याकडे चकल्यांचा डबा होता. त्यानं एक चकली तोंडात टाकली, मान हलवली आणि मग डबाच घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी दुखानच्या बाजूला एका किनाऱ्यावर गेलो. तिथे फक्त कुटुंबवाल्यांना सोडतात. एकट्या पुरुषांना, इथल्या भाषेत 'बॅचलर' लोकांना, दारातूनच परत पाठवतात. बायकापोरं गावी असलेले सर्जेरावांसारखे लोकही इथे बॅचलरच. आत पाणी पोचवायला ते किती वेळा आले होते, पण टाकी रिकामी करून लगेच निघायचं. पहारेकऱ्यानं खिडकीतून डोकावून मला आणि समूला बघितलं आणि हात हलवला. सर्जेरावांनी तरी गाडी पुढे घेतली नाही. त्यानं आम्हाला नीट बघावं म्हणून ते क्षणभर थांबले, एवढं मला समजलं.

संध्याकाळी सूर्य समुद्रात उतरत होता. समू पाण्यात पाय टाकून बसली होती. चहा मी केला. त्यांनी करू का विचारलं, तेव्हा मी सांगितलं, मी पाहुणी नाही. मग ते आपणहून बोलले.

"भ्या वाटतंय गं मला."

"कशाचं?"

"घरी यायचं. तुमचं सगळं माझ्याबिगर चालायला लागलंय. म्हैस कुणी पिळायची, दिवाबत्ती कुणी करायची, कोण कुठं झोपतं. मी येतो तवा तुम्ही सगळी सरकून जागा देता. महिनाभर सरकता. कायमचा आलो तर?"

खोटं काय सांगू, मलाही थोडी धाकधूक वाटली. रोज समोर असलेल्या ह्या माणसाबरोबर कसं राहायचं, ते मलाही शिकावंच लागणार होतं. पण त्याच्यावाचून राहणं मला येत होतं, आणि त्याचाच मला वीट आला होता. तसंच सांगितलं मी त्यांना. म्हणाले, "बघू, इन्शाल्ला." मी म्हणाले, "बघू नका. या."

शनिवारी गाडी धुऊन उस्मानभाईंना परत केली. रविवारी सर्जेराव कंपनीच्या मुशैरिबमधल्या ऑफिसात गेले आणि मी अल मुंतझातल्या खोलीच्या खिडकीत बसून राहिले. खाली दुकानाच्या पायरीवर आपल्याकडची चार माणसं फोन कानाला लावून उभी होती. काय बोलत असतील ते मला ऐकू येत नव्हतं, पण माहीत होतं. सगळं ठीक आहे, हेच.

दुपारी ते आले. दारातच चप्पल काढत म्हणाले, "दोन न्हाई. एक वर्ष लिहून दिलं. मग खलास."

एक वर्ष. गावात आखाती देशांत माणूस असलेल्या कुठल्याही घरी विचारा, 'शेवटचं वर्ष' त्या घरात कितीदा तरी ऐकलेलं असतं. मला आनंद झाला आणि तो पुरता झालाही नाही. विमानतळावर समू बापाला मिठी मारून रडली. मी म्हटलं, पाठीला रोज तेल लावा, आणि दुखली तर खरं सांगा. ते म्हणाले, तूबी खरं सांग.

घरी येऊन आता काही आठवडे झाले. परवा फोनवर आमचं मोटरवरून चांगलंच वाजलं. सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. सर्जेराव सुट्टीवर येतात तेव्हा त्यांचे कपडे कधी कपाटात जात नाहीत. महिन्याभरासाठी कशाला, म्हणून पलंगाखालच्या बॅगेतच राहतात, तिथूनच रोज काढायचे आणि जाताना तिथेच भरायचे. मी गेल्या रविवारी माझ्या साड्या आणि समूचे स्वेटर हलवून कपाटातला मधला कप्पा मोकळा केला, पुसला, कागद अंथरला. अजून तो रिकामाच आहे. कुणी त्यात काही ठेवायला गेलं, तर मी ओरडते.