काढेवाले सर

कळमनुरीजवळच्या एका गावात मी विज्ञान शिकवतो. मास्तरकीत केस पांढरे होत आले, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं हा आजार मला जुनाच आहे.

रोगप्रतिकारशक्तीचा धडा मी असा काही रंगवतो की मुलं बाकांवर चढतात. निम्मा वर्ग जंतू, निम्मा वर्ग पांढऱ्या पेशी. "परका दिसला की घाला झडप!" ही माझी आज्ञा. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी त्यावर मान डोलावली होती. ती मान मी अजून विसरलेलो नाही.

कोरोनात या ज्ञानाला आणखी धार आली. आमच्या बांधावरच्या कडुनिंबावर गुळवेल चढलेली आहे. आमच्याकडे गुळवेल घ्यायची ती कडुनिंबावरचीच, दुसऱ्या झाडावरची दिली तर लोक नाक मुरडतात. तिच्यात घरची हळद टाकून मी पातेलंभर काढा उकळायचो आणि दिसेल त्याला पाजायचो. गावानं मला 'काढेवाले सर' म्हणायला सुरुवात केली. लोक हसून म्हणायचे, मी ते पदवीसारखं मिरवायचो. साथ गेली, काढा मात्र आमच्या घरात मुक्कामाला राहिला.

पुढे मुलगी नऊ वर्षांची झाली आणि तिचं पोट दुखायला लागलं. ताट अर्ध्यावर सोडून उठायची. मी बसल्या जागी निदान केलं: प्रतिकारशक्ती कमी. रोज सकाळी अर्धी वाटी काढा सुरू झाला. दुखतंय म्हणाली की वाटी भरली जायची, पुन्हा म्हणाली की वाटीच्या जागी पेला यायचा. शाळेचा स्कर्ट तिच्या कमरेवर राहीना, तेव्हा बायको चिडली.

"तिला दवाखान्यात न्या ना. काहून पाजून राहिले ते कडू पाणी?"

"तुला न्हाई समजायचं," मी म्हणालो, "तिची ताकद वाढून राहिली."

हे वाक्य आठवलं की आजही तोंड कुठं लपवावं असं होतं.

काही दिवसांनी मुलीनं पोटाचं नाव काढणंच बंद केलं. मी खूश. गुण आला म्हणून शिक्षकांच्या खोलीत दोघातिघांना कृतीही सांगितली. आणि एका सकाळी धुणं धुताना बायकोला तिच्या कपड्यांवर रक्ताचे डाग दिसले. त्याच दिवशी आम्ही नांदेड गाठलं.

डॉक्टर बाई माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. तपासण्या झाल्या, दुर्बिणीनं आतडं पाहून झालं. आतड्याला सूज होती, आणि हा आजार बराच काळ सोबत राहणारा होता. मी हुशारीनं विचारलं, "म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडली ना?"

"कमी नाही सर. माणसाला जन्मतःच संरक्षणाची एक पहिली फळी मिळते. काही लेकरांच्या आतड्यात तिचा तोल जातो. तिथल्या रोजच्या जिवाणूंशी जुळवून घ्यायचं सोडून ती त्यांच्यावरच तुटून पडते आणि थांबतच नाही. सूज येते ती त्यातून. असं नेमकं का होतं, ते अजून पूर्ण कळलेलं नाही. आता औषधानं तिला शांत करायचं."

म्हणजे जिला शांत करायचं, तिलाच मी रोज सकाळी पेला भरून चेव आणायला बघत होतो. मी मान खाली घालून काढ्याची कबुली दिली. बाई म्हणाल्या, "काढ्यानं आजार झालेला नाही. पण तो आता बंद. आणि यायला तुम्ही फार उशीर केलात."

मग त्यांनी मुलीला जवळ घेतलं. "शौचातून रक्त जात होतं, ते घरी का नाही सांगितलंस?"

मुलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं की बाबा पेला मोठा करतात."

बायकोनं मुलीचा हात हातात घेतला. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

आता औषधं चालू आहेत. आजार गेलेला नाही, पण वजन हळूहळू वर येतंय. गुळवेल बांधावर मजेत आहे, मी तिच्याकडे बघत नाही. वर्गात धडा शिकवताना पांढऱ्या पेशींना मी आधी नीट बघायला सांगतो, मग झडप. मुलांना ते फारसं आवडत नाही, धड्यातली मजा गेली म्हणतात.

परवा मुलगी शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि माझ्यापासून जरा लांबच बसली.

"बाबा, आज थोडं दुखून राहिलं. नुसतं सांगून राहिले मी. तुमी लगेच उठू नका."

मी अर्धा उठलोच होतो. परत खाली बसलो, दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि म्हणालो, "सांग." मग ती जरा जवळ सरकली आणि सांगायला लागली.