ऑर्किडला दिलेली खोली

सूनबाईनं गेल्या उन्हाळ्यात ऑर्किड आणलं, तेव्हा आमच्या घरात त्याला ठेवण्याजोगी एकच जागा होती आणि ती मुलाची होती.

गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटचा नकाशा ज्यानं काढला, त्याला आजही माझ्यामुळे उचक्या लागत असतील. एक खोली पश्चिमेला, दुपारनंतर भिंतीवर भाकरी भाजून घ्यावी अशी. तीत आम्ही दोघं. दुसरी पूर्वेला. खिडकीबाहेर कडुनिंब, सकाळी त्याच्या पानांतून गाळून आलेलं ऊन. ती मुलाची. मुलगा बंगळुरूला नोकरीला, वर्षातून एकदा, फार तर दोनदा येतो. उरलेलं वर्ष त्या खोलीचे पडदे ओढलेले, गादीवर प्लॅस्टिक आणि दाराला कुलूप. साईबाबा येणार असते तरी एवढी बडदास्त ठेवली नसती. हा कारभार अर्थातच माझा.

ऑर्किड आधी टीव्हीशेजारी ठेवलं, आल्यागेल्याला दिसावं म्हणून. फुलं गळाली, पानं काळपट हिरवी होऊन मख्ख बसली. आमचे हे पिशोरच्या शेतकऱ्याचे चिरंजीव. "ऊन नाय तर पीक नाय," म्हणत ह्यांनी कुंडी पश्चिमेच्या गॅलरीत नेली. ऑक्टोबरचं ऊन. दोन दिवसांत पानावर पांढरे चट्टे पडले.

मी सूनबाईला फोन लावला. ती म्हणाली, "आई, ऊन नको, उजेड हवा. पूर्वेची खिडकी आणि पातळ पडदा. पानावर हात धरून बघा. सावली पुसट पडली तर जागा बरोबर."

मग आम्ही घरभर हात पसरून फिरलो. ह्यांचा थाट तर पंचांग बघणाऱ्या गुरुजींचा. हॉलमध्ये सावलीच पडेना, स्वयंपाकघरात तेच. गॅलरीत ती सुरीनं कापल्यासारखी. शेवटी कुलूप लावलेल्या दाराशी हे थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. किल्ली माझ्या कमरेला होती.

कुंडी आत गेली. तिच्यामागून मी, पाणी घालायला. मग चहाचा कप घेऊन. मग खुर्ची गेली. एका दुपारी गादीवरचं प्लॅस्टिक काढून आडवी झाले, तर दारात हे, उशी काखोटीला मारून. "झाडाला सोबत लागती," म्हणाले. दिवाळीत सूनबाईचं माहेर, त्यामुळे ती दोघं आलीच नाहीत. थंडी पडेपर्यंत आमचं बस्तान तिथं पक्कं झालं. पानं हळूहळू पोपटी झाली, आणि मला कितीतरी वर्षांनी सकाळी डोकं न दुखता जाग येऊ लागली.

जानेवारीत फुलाची काडी फुटली. होळीला तिच्यावर टपोऱ्या कळ्या होत्या, आणि नेमका मुलाचा फोन आला. "आई, शनिवारी येतोय. आमची खोली झाडून ठेव."

हे लगेच कुंडी उचलायला वाकले.

"हात लावू नका," मी खेकसले. "कळ्या आल्यावर जागा बदलली की त्या गळतात."

ते खरंच आहे. पण मला ती खिडकी सोडवत नव्हती, हे त्याहून खरं. झाडाच्या आड लपून आपण बोलतोय हे कळत होतं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

मी मुलाला सांगितलं, "या खेपेला तुम्ही पश्चिमेच्या खोलीत झोपा. ऑर्किडला कळ्या आहेत."

"झाडासाठी?"

"व्हय."

मागून सूनबाईचा आवाज आला, "अरे, बरोबर आहे त्यांचं. नसतं हलवायचं." पोरीचं भलं होवो.

दोघं शनिवारी आली आणि मुकाट्यानं तिकडं झोपली. कूलर अजून गच्चीवर झाकलेलाच होता. सकाळी मुलगा बाहेर आला तो घामानं निथळत. सूनबाई हॉलमध्ये फरशीवर पंख्याखाली पसरली होती. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पूर्वेच्या उघड्या दाराकडे. तिथं हे अजून घोरत होते.

"आई," तो म्हणाला, "तुम्ही दोघं इतकी वर्षं त्या पश्चिमेच्या खोलीत झोपत होता?"

सवय असते रे, हे उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. आजवर प्रत्येक गोष्टीला तेच देत आले. पण या वेळी मला राग आला, आणि तो आल्याचं बरंही वाटलं.

"हो," मी म्हणाले. "आता नाही झोपणार."