बेलहेटीला न पोचलेला मेसेज

गडचिरोलीच्या बाजारात जाफरभाईंचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांचा मोठा मुलगा ताबिश त्या दुकानात कधी रमला नाही. पॉलिटेक्निक त्यानं मधेच सोडलं, पण मोबाइलवर बघून बघून प्रोग्राम लिहायला शिकला. पायथन ही त्याची आवडती भाषा. बापाला वाटे, पोरगा दिवसभर टकटक करतो आणि हाताशी काही दिसत नाही. मशीन दुरुस्त झालं की निदान टाका तरी पडतो.

मग छत्तीसगडकडून हत्तींचा कळप जिल्ह्यात उतरला. इथल्या माणसाला वाघ ठाऊक, अस्वल ठाऊक, पण हत्ती कुणाच्या आज्यानंही पाहिला नव्हता. कळप कुठं आहे हे गावांना संध्याकाळच्या आत कळावं म्हणून एका छोट्या संस्थेनं काम उभं केलं. आदेश नावाचा समन्वयक, हत्तींच्या मागावर मोटारसायकलनं फिरणारी चार-पाच माणसं, आणि मेसेज पाठवायला ताबिश. एवढाच कारभार. जाफरभाईंनी तेव्हा पहिल्यांदा गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगितलं, की पोरगा हत्तीच्या कामावर लागला.

फोन नंबर गोळा करायला ताबिश स्वतः गावोगाव हिंडला. धानोऱ्याच्या पलीकडे, जिथं एसटी दिवसातून एकदाच जाते, तिथलं बेलहेटी हे शेवटचं गाव. तिथं नानाजी आणि रुखमाबाई या म्हाताऱ्या जोडप्याच्या ओट्यावर बसून त्यानं गावातले नंबर लिहून घेतले. रुखमाबाईनं काळा चहा दिला. नानाजी आपला बटणांचा फोन धोतरानं पुसून समोर धरून बसले होते.

"हे पाय बाबू," नानाजी म्हणाले, "वाघाचं आमाले समजते. तो आपल्या वाटेनं येते, आपल्या वाटेनं जाते. ह्या हत्तीचं काई समजतच नाई."

"म्हणून तर मेसेज येईन, भाऊ. मेसेज आला का रात्री शेतावर झोपाले जायचं नाई."

"अना नाई आला त?"

"मंग जा खुशाल," ताबिश म्हणाला आणि हसला. नानाजीही हसले.

पहिली दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. नानाजींना वाचता येत नव्हतं, पण शेजारचा लटारू वाचून दाखवी. मेसेज आला की ते घोंगडी गुंडाळून घरी झोपत. एकदा तर कळप खरोखरच त्यांच्या बांधावरून गेला. त्यानंतर नानाजी भेटेल त्याला सांगत, "ताबिशचा मेसेज खोटा नसते." ताबिशच्या कानावर ते आलं तेव्हा त्याला दिवसभर गुदगुल्या होत राहिल्या.

तिसऱ्या वर्षी कुरखेड्याकडच्या एका गावात हत्तींनी झोपडी पाडली. मेसेज गेला होता, पण घरच्या माणसानं तो उघडलाच नव्हता. "कंपनीची जाहिरात असन मनून पाह्यलो नाई," असं तो म्हणाला. ताबिशच्या मनाला ते लागलं. मेसेजच्या सुरुवातीला त्या त्या माणसाचं नाव घातलं, तेही मराठीत, तर लोक नक्की पाहतील, असं त्याला वाटलं. आदेशला कल्पना पसंत पडली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली सगळी नावं आणि गावं ताबिशनं दिवाळीच्या आधी बसून मराठीत करून घेतली. नानाजींच्या मेसेजची सुरुवात आता 'नानाजीभाऊ, हत्ती...' अशी होणार होती. इतकं मन लावून त्यानं आजवर काही केलं नव्हतं.

चूक मात्र आधीपासूनच तिथं बसलेली होती. संस्थेच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम नाव-नंबरांच्या साठ्यातून नावं काढी आणि पाइपातून पाणी सोडावं तशी ती ताबिशच्या प्रोग्रामकडे सोडी. त्याचा प्रोग्राम ती वाचून मेसेज पाठवी. पण असं वाहत येणारं सगळंच्या सगळं एका दमात हाती येत नाही. येईल तेवढं घ्यायचं, पुन्हा मागायचं, आता काहीच उरलं नाही असं उत्तर येईपर्यंत मागत राहायचं, अशी त्याची रीत. ताबिशनं शिकताना कुठूनतरी प्रोग्रामची एक ओळ उचलली होती. ती ओळ एकदाच मागणी करी आणि मिळालं तेवढ्यालाच पुरं समजे. नावं इंग्रजीत होती तोवर सगळी एका घोटात मावत. मराठी अक्षर कॉम्प्युटरमध्ये इंग्रजीच्या तिप्पट जागा खातं. नावं मराठीत झाली, ती एका घोटात मावेनात, आणि शेवटची गावं बाहेरच राहिली.

प्रोग्राम तरीही रोज 'काम पूर्ण' असंच लिहून दाखवी. दिवाळीनंतर त्याखाली आणखी एक ओळ येऊ लागली, 'एक नंबर चुकीचा'. ती ताबिशनं पाहिली होती. एखाद्यानं सिम बदललं असेल, सवडीनं बघू, असं तो रोज मनाशी म्हणे. तेव्हा कळप आरमोरीकडे होता. तिकडची गावं यादीत आधी येत, त्यांना मेसेज मिळत, त्यामुळे कुणाची तक्रार आली नाही.

धानाची कापणी झाली आणि कळप वळला. माग काढणाऱ्या माणसानं दुपारीच कळवलं, की हत्ती बेलहेटीच्या अंगाला सरकत आहेत. ताबिशनं मेसेज सोडला. 'काम पूर्ण' आलं. तो घरी गेला, जेवला.

सकाळी आदेशचा फोन आला. "नानाजी गेले. पुंजण्यापाशी झोपले होते." धान कापून शेतातच रचून ठेवलेलं असतं, त्या पुंजण्याची राखण करायला ते गेले होते. मग आदेशनं विचारलं, "बेलहेटीला मेसेज गेला होता ना?"

"गेला होता," ताबिश म्हणाला. "मी स्वतः पाहिलं."

मग तो ऑफिसात आला आणि काय काय गेलं ते उघडून बसला. नावं खाली खाली सरकत गेली आणि एका ठिकाणी थांबली. शेवटचं नाव होतं 'लच्छू'. आडनावाची दोन अक्षरं, मग तुटलेल्या अक्षराचा एक रिकामा चौकोन, पुढं काही नाही. चुकीचा नंबर म्हणून जो रोज दिसत होता, तो हाच. नंबर चुकीचा नव्हताच, प्रोग्राम त्या नंबरापर्यंत पोचलाच नव्हता. बेलहेटी त्याच्याही खाली होती. त्यानं ती ओळ शोधली, बदलली, पुन्हा चालवून पाहिली. सगळी नावं आली. दुरुस्तीला चहा थंड व्हायलाही वेळ लागला नाही, आणि हेच त्याला पुढं सगळ्यात जास्त खात राहिलं.

त्यानं आदेशला सगळं सांगितलं.

"बाहेर बोलू नको," आदेश म्हणाला. "तुझ्यासाठी नाही म्हणत. लोकांचा मेसेजवरचा भरवसा उडाला तर उद्या आणखी माणसं मरतील."

"पण रुखमाबाईला तरी..."

"तिला सांगून तिचा माणूस परत येणार आहे का?"

त्यात तथ्य नव्हतं असं नाही. शिवाय ताबिशला भीतीही वाटत होती, हे त्यानं स्वतःपाशी फार उशिरा कबूल केलं. तो तेराव्याला गेला नाही. पेरणीचे दिवस आले तेव्हा कुठं, कुणाला न विचारता, एसटीत बसला.

रुखमाबाई ओट्यावर मोहाच्या टोळी, तेलासाठीच्या बिया, फोडत बसली होती. त्याला पाहून तिनं सरकून जागा केली.

"लय दिवसानं आलास, बाबू."

ताबिश बसला. तीच बोलायला लागली.

"त्या दिवशी कुत्रे लय भुकून राह्यले होते. लटारूई मनाला, आज हवा काई बरोबर नाई. म्या मनलं, आज नका जाऊ. त मनाले, ताबिशचा मेसेज नाई आला, काऊन भेतेस? घोंगडी घेतली अना गेले."

ताबिश तिच्याकडे वळला. त्यानं सांगितलं. मेसेज निघाला होता, पण अर्ध्याच गावांना गेला. चूक मशीनची नव्हती, फोनच्या रेंजचीही नव्हती, त्यानं लिहिलेल्या एका ओळीची होती. आणि चुकीच्या नंबरची खूण कित्येक दिवस समोर दिसत असून त्यानं ती तपासली नव्हती. त्यानं हेही सांगितलं, की मेसेज नाही आला तर खुशाल जा, असं तोच म्हणाला होता.

रुखमाबाईचा हात थांबला होता. "मंग बाकीच्या गावाइलेई नाई गेला?"

"नाई गेला, बाई."

"म्हंजे त्या गावचे लोक असेच वाचले."

"हो."

ती पुन्हा टोळी फोडू लागली. रागावली नाही, रडली नाही. "पयले कुत्रे भुकले का ते स्वतः उठून पायत," ती खालीच बघत म्हणाली. "मेसेज याले लागला, तवापासून नाई पाह्यले." एवढं बोलून ती आत गेली. चहा आणायला गेली असेल असं ताबिशला वाटलं. तो वाट बघत बसला. ती बाहेर आली नाही. एसटीची वेळ झाली तेव्हा तो उठला.

आदेशला हे कळल्यावर दोघांत काही दिवस बोलणं नव्हतं. पण ताबिशनं काम सोडलं नाही. जाफरभाई म्हणाले, "दुकानात ये, कुणाचा जीव जाणार नाही असं काम कर." तो गेला नाही. आता तो पाठवलेले मेसेज आणि साठ्यातली नावं रोज जुळवून पाहतो. कळप ज्या बाजूला असेल तिथल्या दोन-तीन घरांना स्वतः फोन लावून मेसेज आला का ते विचारतो. गावात गेला की सांगतो, की मेसेज चुकू शकतो, एकदा चुकला आहे, कुत्री भुंकली तर माझं ऐकू नका. काही लोक मान डोलावतात. काहींना वाटतं, पोरगा उगाच विनय दाखवतो आहे.

रुखमाबाईनं शेत पुतण्याला बटईनं, अर्ध्या पिकाच्या वाट्यानं, दिलं. नानाजींचा नंबर बंद झाला. साठ्यातून तो काढून टाकायला आदेशनं दोनदा सांगितलं, आणि एका संध्याकाळी ताबिशनं तो काढला.

बेलहेटीला तो अजून जातो. वाट रुखमाबाईच्या ओट्यासमोरूनच जाते. कधी ती हाक मारते आणि चहा देते, मग दोघं पावसापाण्याचं बोलतात. कधी हाक मारत नाही. त्या दिवशी तो मान खाली घालून लटारूच्या घराकडे चालू लागतो.