आतल्या पट्ट्या

हे मी कुणापाशीच बोललो न्हाई. बायकोपाशी न्हाई, दोस्तापाशी न्हाई, विहारात डोळे मिटून बसलो तव्हा स्वतःपाशीसुदिक न्हाई. तुमी वळखीचे न्हाईत, म्हणून तुमाला सांगून राहिलो.

मी वसमतला सुतारकाम करतो. दारं, चौकटी, दिवाण. लाकूड मला कळतं — हे आधीच सांगून ठेवतो. काहून? तर पुढं मला ‘चुकून झालं’ म्हणायची सोय राहू नये.

सुनंदा, माझी बायको, कुरुंद्याची. तिच्या भावाची गायन पार्टी. लग्नाआधीपासून ती त्याच्यात गिटार वाजवायची. लग्नानंतरच्या पहिल्या जयंतीला तिनं माहेरी भावाची गिटार हातात घेतली अन् — काय सांगू! मंडपातली माणसं उठून उभी राहिली. शेजारच्या म्हाताऱ्यानं मला इचारलं, “तुमी त्या गिटारवाल्या बाईचे मालक का?” मी व्हय म्हणलो. हसलोबी. पण आतून असा जळलो — अन् कशावर? तिच्या बोटांवर? का त्या म्हाताऱ्यानं माझं नावसुदिक इचारलं न्हाई, त्याच्यावर?

येताना यष्टीत ती म्हणली, मला एक करून द्या ना. भावानं तिच्यासाठी देवदाराची जुनी फळी ठेवली व्हती. हलकी, सरळ रेषांची. बोटानं वाजवली की गुणगुणायची. मी त्याच्या गिटारीच्या तारा ढिल्या केल्या, आत हात घालून सगळी बांधणी चाचपून घेतली. बाजूची लाकडं आवाजाला रंग देतात, पण जीव वरच्या फळीत असतो. तारा तिलाच हलवतात. ती पातळ पाहिजे, अन् तिच्या खालच्या आधाराच्या पट्ट्या नाजूक — तारांचा ताण सोसतील इतक्याच. हे मला बराबर कळलं व्हतं.

मग मी काय केलं? रंधा मारत गेलो तशी फळी अजून गोड बोलायला लागली. मी रंधा ठेवून दिला. जाडच ठेवली. खालून दाराला मारतो तसल्या सागवानाच्या जाड पट्ट्या चिकटवल्या. वरून पॉलिश — एका हातावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा.

दिसायला कशी व्हती म्हणता! अख्खी गल्ली बघायला आली. आत हात घालून कोण बघतं?

सुनंदानं तार छेडली. आवाज उंबऱ्याच्या बाहेर गेला न्हाई. भाऊ म्हणला, नवं लाकूड हाय ताई, वाजवत राहा, खुलंल. खरंच खुलतं की — बांधणी नीट असली तर. माझ्या पट्ट्या जन्मात खुलू देणार नव्हत्या. तरी ती वाजवत राहिली. भाकरी झाल्या की रोज. बोटं फाटली, रक्त आलं, तर हळद मी लावून दिली. ऐकलं का? मीच लावून दिली! मधीच तोंड वर करून इचारायची, आज थोडी खुलली ना हो? मी व्हय म्हणायचो.

पार्टीत तिचं वाजवणं कुणाला ऐकू येईना. भाऊ त्याची गिटार देऊ लागला, तर म्हणली, नको, ह्यांना वाईट वाटंल. मग जायचंच सोडलं. रागानं न्हाई हो — लाजून.

ती दूर जाईल म्हणून भ्यालो, असं म्हणू का? खोटं. मला तिला माझ्यापेक्षा लहान करायचं व्हतं. केली.

गिटार अजून भिंतीवर हाय. पाहुणा आला की सुनंदा दाखवते, ह्यांनी केली म्हणून. पाहुणा वा वा करतो. मी मान हलवतो.

परवा पोरगी म्हणली, मम्मी, मला शिकव ना. सुनंदानं गिटार उतरवली, पदरानं पुसली, दोन तारा छेडल्या अन् परत टांगली.

“तुझ्या पप्पानं लई जीव लावून केली गं ही,” ती म्हणली. “माझ्याच बोटात न्हाई.”

मी जेवत व्हतो. तिनं भाकरी वाढली. मी घेतली.