आई तासगावला का गेल्या...

परवा रविवारी आम्ही गाडीनं सांगलीहून तासगावला निघालो. सासूबाई रुसून माहेरी गेल्या होत्या आणि आम्ही त्यांना आणायला चाललो होतो... निदान मी तरी तसंच धरून चालले होते.

थोडं आधीचं सांगते. माझा धाकटा दीर नोकरीसाठी नेदरलँड्सला, युट्रेक्टमध्ये असतो. तिथं म्हणे शाळा, ऑफिस, भाजी, सगळं सायकलवरनं चालतं. एप्रिलच्या शेवटी सगळे या, सायकलवरच फिरू, असा त्याचा कधीपासूनचा लकडा.

आणि मला प्लॅनिंगचा भारी सोस. कुठल्या दिवशी कालव्याच्या कडेनं जायचं, कुठल्या दिवशी ट्युलिपची शेतं बघायची, डबा कुठं उघडायचा... सगळं मी ठरवून टाकलं. तिकडं उजव्या बाजूनं चालवतात म्हणून नवरा रोज सकाळी कॉलनीच्या मैदानाला उजवीकडून चकरा मारायला लागला. समोरून वॉकला येणारे काका-काकू दचकून बाजूला व्हायचे.

अडचण एकच होती. आईंना सायकल येत नव्हती.

त्यावरही दिरानं तोड काढली. तिकडं पुढं मोठी पेटी लावलेल्या सायकली असतात, त्यात पोरं बसतात, कुत्री बसतात, बाजाराच्या पिशव्या बसतात. आई पण आरामात बसतील म्हणून त्यानं व्हिडिओ पाठवला. आणि मी शहाणीनं तो कधी दाखवावा... तर आईंच्या भजनाच्या सगळ्या बायका घरी जमलेल्या असताना.

बायका पोट धरून हसल्या. आईपण हसल्या.

"मला काय उसाच्या मोळीगत पुढं टाकून न्हेणार व्हय गं?" असं म्हणाल्या आणि चहाचे कप उचलून आत गेल्या. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुमी जावा. माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा कशाला, मी हितंच बरी हाय." नवऱ्यानं सांगून बघितलं की तिकडं बस आहे, ट्राम आहे, अडत काहीच नाही. पण नाही. त्यांनी पिशवी भरली आणि चार दिवस भावाकडं जाऊन येते म्हणून एसटीनं तासगाव गाठलं.

चार दिवसांचे दोन आठवडे झाले. फोन केला की "बरी हाय, जेवलीस का" एवढंच बोलायच्या आणि ठेवून द्यायच्या. इकडं व्हिसासाठी सोमवारी एजंटकडं पासपोर्ट द्यायचे होते, आणि आई नसेल तर मीही येणार नाही असं नवऱ्यानं स्पष्टच सांगितलं. बाबा गेल्यापासून त्यानं आईंना एकटं सोडलेलं नाही, त्यामुळं त्याचं चुकलं असंही म्हणता येईना. मला सहलीपेक्षा जास्त लागलं होतं ते हे, की आपण या बाईचं चारचौघांत हसं केलं.

मामांच्या मळ्यावर पोचलो तर मामी अंगणातच आडव्या आल्या. बसा, चहा घ्या, वन्सं येतील एवढ्यात... असं करत त्यांनी आम्हाला दोनदा चहा पाजला. सईनं, म्हणजे आमच्या लेकीनं, आजी कुठाय विचारलं तर तिच्या हातात बेदाण्याची वाटी दिली. म्हणजे आईंना आमचं तोंडसुद्धा बघायचं नाही... माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

शेवटी मी उठले आणि मामी "आगं थांब थांब" करत असताना बेदाण्याच्या शेडकडं चालायला लागले. हंगाम अजून लांब, शेड रिकामं. त्याच्यासमोर मोकळी सपाट जागा आहे.

तिथं आई सायकल चालवत होत्या.

नेसत्या साडीचा काष्टा मारलेला, पायात मामांचे कॅनव्हासचे बूट. सायकल मामांच्या नातीची, शाळेला जायची. मागं मामा कॅरिअर धरून धापा टाकत पळत होते, आणि मला बघून त्यांनी दचकून हातच सोडला.

आई सरळ माझ्याच दिशेनं आल्या. "सरक गं बाजूला, मला थांबायला येत न्हाई." मी सरकले, त्यांनी शेडचा खांब गच्च धरला आणि थांबल्या. कोपरावर हळद लावलेली, पोटरीला खरचटलेलं.

मी म्हटलं, "आई, अहो सांगलीत शिकला असता की. मी नसतं का शिकवलं?"

"आन् त्या बायकांपुढं पडू व्हय? तुझ्यापुढं, लेका-नातीपुढं, गल्लीपुढं?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "हितं कितीबी पडले तरी कोण हसत न्हाई. हितं मी पोरगीच हाय."

मी ही बाई रुसली म्हणून दोन आठवडे कुढत होते, आणि ती बिनधास्त पडता यावं म्हणून माहेरी आली होती.

तोवर नवरा आणि सईपण आले. आईंनी त्यालाच विचारलं, "थितं वळणं लय हायत का रं? सरळ जमतंय, वळताना जातोय तोल." त्याला हसू आवरेना आणि रडूही. त्यानं तिथूनच एजंटला फोन लावून उद्या चार पासपोर्ट आणतो म्हणून सांगितलं, आणि माझ्या छातीवरचा धोंडा एकदाचा उतरला.

मामा खाली बसून पाणी पीत होते. आईंनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ह्यो दमला आता. तू ये... तू धर मागनं."

मी पदर खोचला आणि कॅरिअर धरलं. आई निघाल्या आणि मी मागून पळायला लागले. सोडू नगंस हं, सोडू नगंस... असं त्या सारखं म्हणत होत्या, आणि माझ्यापुढं पडायला आता त्यांची ना नव्हती.